खंडेनवमीचं पॉलिश

यूपीएससीत तिसऱ्यांदा आपटल्यावर मी नोकरी धरली ती काही हौसेनं नव्हे, घरी परतायची लाज वाटत होती म्हणून. सांगलीहून निघताना लोकांनी स्टेशनवर हार घातले होते. कलेक्टर होऊनच येणार म्हणे! हार घालून घेतलेल्या माणसानं रिकाम्या हातानं परत कसं जायचं, सांगा. तेव्हा करोल बागेतल्या गच्चीवरच्या खोलीत आणखी दोन नापासांबरोबर मी तसाच राहिलो आणि ट्रंकेच्या तळाशी पडलेली इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी बाहेर काढली.

बाजार नुकताच खुला झाला होता. गुडगावच्या पलीकडे मोहरीच्या शेतांत नवे कारखाने उभे राहत होते, आणि प्रत्येकाला परदेशी बनावटीची सुरक्षा यंत्रणा हवी होती. आमची छोटीशी कंपनी बाहेरून गॅस डिटेक्टर आणायची, बसवून द्यायची आणि दर तीन महिन्यांनी तपासायची. तपासायला मी. गळ्यात टाय, खांद्यावर अवजारांची बॅग, आणि हरियाणा रोडवेजच्या बसमध्ये एका पायावर उभा. घरी मात्र पत्रात लिहिलं होतं, 'परदेशी कंपनीत इंजिनिअर आहे, वर्षभराच्या प्रोबेशननंतर कायम होईन.' त्यातलं प्रोबेशन तेवढं शंभर टक्के खरं होतं.

काम तसं सोपं. कारखान्यात जिथे गॅस साठवतात तिथे खांबांवर, पाइपांशेजारी मुठीएवढे धातूचे सेन्सर बसवलेले असतात. आत एक बारीकसा तापलेला मणी असतो. गॅस गळला की तो जाळीतून आत शिरतो, मण्यावर जळतो, आणि लांब खोलीतल्या पॅनेलवर आकडा चढून भोंगा वाजतो. दिवस जातील तसा सेन्सर मंदावतो. म्हणून ठरलेल्या प्रमाणातला गॅस भरलेली बाटली घेऊन जायचं, नळीनं तो सेन्सरवर सोडायचा, आणि पॅनेलवर पन्नास आकडा येतो का पाहायचं. नाही आला तर पेचकसानं बारीक स्क्रू फिरवून पन्नासवर आणायचा. याला म्हणायचं कॅलिब्रेशन. सगळे झाले की कागदावर माझी सही, खाली कारखान्याच्या माणसाची सही, चला.

हे दोन माणसांचं काम आहे. एक सेन्सरपाशी, एक पॅनेलपाशी. त्या एका कारखान्यात, मोटारींचे सुटे भाग रंगवायचे तिथे, पॅनेलपाशी काका असायचे. ते गॅसच्या यार्डाचे ऑपरेटर. वय पन्नाशीच्या पुढे, खाकी शर्ट, कानात अत्तराचा फाया. पहिल्याच दिवशी मी फोनवर मराठीत बोललेलं त्यांनी ऐकलं आणि उडालेच.

"अहो, तुम्ही मराठी! मग हिंदीत कशाला डोकं खाताय माझं? आम्ही लष्करचे. ग्वाल्हेरचा भाग तो. तीन पिढ्या झाल्या तिकडे, पण घरात मराठीच, बिल्कुल."

त्यांचं मराठी ऐकून हसू यायचं. "चाय घेणार ना?" म्हणायचे, आणि "अच्छा, बसून घ्या." पण त्या रेताड उजाड माळावर ते ऐकून मला घरी आल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पुढच्या खेपेपासून आमची जोडी जमली. मी सेन्सरपाशी उन्हात उभा राहून गॅस सोडायचा आणि काका खिडकीतून ओरडायचे, "चाळीस... सेहेचाळीस... एकोणपन्नास... बास, बास! पन्नास! हात काढा!" एखादा आकडा अडून बसला की मी चिडायचो, शिव्या घालायचो. काका म्हणायचे, "साहेब, रागावू नका त्याच्यावर. त्याला येतंय, हळूहळू येतंय." बारा सेन्सर होते. ते त्यांना बारा माणसं असल्यासारखे ओळखायचे.

काकांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. सहा वर्षं ते ठेकेदाराच्या हाताखाली होते. आता कारखाना काही लोकांना पक्कं करणार होता, दिवाळीनंतर यादी लागणार होती, आणि प्लांट मॅनेजरनं त्यांचं नाव त्यात घातलं होतं. पुढच्या वर्षी त्यांचं वय बसलं नसतं. काकू सहा वर्षं ग्वाल्हेरात भावाच्या घरी राहत होत्या. ठेकेदाराच्या माणसाला आज आहे तर उद्या नाही, अशानं खोली घेऊन बायकोला आणायचं कसं? "पक्का झालो की हिला आणतो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! गुडगावच्या एका सेक्टरातल्या गल्लीत त्यांनी खोलीसुद्धा हेरून ठेवली होती. स्वयंपाकघराला खिडकी होती, त्याचं त्यांना भारी कौतुक.

सप्टेंबरात कारखान्यात विश्वकर्म्याची पूजा झाली. मशिनींना हार, नारळ, उदबत्त्या, लाऊडस्पीकर. गॅसच्या यार्डात मात्र काडी ओढायची चोरी, तेव्हा दिवा नाही की उदबत्ती नाही. पूजा फाटकाशी येऊन थांबली आणि परत गेली. त्यानंतर काही दिवसांनी मी बिलाच्या कामासाठी गेलो तेव्हा काका फुरंगटून बसले होते.

"सगळ्यांना प्रसाद मिळाला, आमच्या यार्डानं काय पाप केलंय? गळती झाली तर पहिली हाक हे सेन्सरच मारणार ना? पण यांना एक फूल नाही."

मी म्हटलं, "काका, आपण मराठी माणसं. आपली अवजारांची पूजा खंडेनवमीला. त्या दिवशी करा की तुम्ही यांची!"

त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. लहानपणी लष्करला आजोबा खंडेनवमीला तलवार, अडकित्ता, विळी, सगळं घासूनपुसून मांडायचे, ते सांगत बसले. मग पुन्हा तोंड उतरलं. "पण दिव्याशिवाय कसली पूजा?"

"दिवा नाही तर नाही. चकाकी आणू ना आपण! असे चमकवा की दिव्याची गरज नको," मी म्हटलं. माझीच अक्कल. कोणी विचारली नव्हती.

करोल बागेत आमच्या खोलीपासून पाच मिनिटांवर मोटारींच्या सामानाचा बाजार. नव्या गाड्यांची हौस तेव्हा सगळ्या दिल्लीच्या अंगात आली होती. सीट कव्हरं, हॉर्न, आणि डॅशबोर्ड चमकवायचे स्प्रे. त्यातला चांगल्यातला एक डबा घेतला आणि पुढच्या आठवड्यात त्याच बाजूला दुसऱ्या कारखान्यात काम होतं, तेव्हा वाट वाकडी करून काकांना देऊन आलो. "फवारायचं आणि फडक्यानं पुसायचं," असं वर ज्ञानही दिलं. डब्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत काय काय लिहिलं होतं. काकांना इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं. मी वाचलं नाही.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी माझी नेहमीची तीन महिन्यांची फेरी होती. यार्डात शिरलो आणि "वा!" म्हणून उभाच राहिलो. बाराच्या बारा सेन्सर लखलखत होते. प्रत्येकाच्या खांबाला हळदकुंकवाचं बोट, वाळलेल्या झेंडूचा हार. काका खिडकीतून बघत होते, मी काय म्हणतो म्हणून.

"काका, कमाल केलीत!"

"जाळीतसुद्धा मारलंय, साहेब. आतपर्यंत. नुसतं वरवर केलेलं आपल्याला पटत नाही."

मी पहिल्या सेन्सरला बाटली लावली. काका म्हणाले, "चार... सात... नऊ." मी ओरडलो, "पुढे?" "नऊच आहे, साहेब." नळी काढली, पुन्हा लावली. नऊ. स्क्रू शेवटपर्यंत पिळला, तेव्हा कुठे सतरा. वाटलं, एखादा बिघडतो. दुसरा लावला. सहा. तिसरा हललाच नाही. चौथ्याला नळी लावायच्या आधीच मी थांबलो, कारण मला तोवर कळलं होतं. ट्रेनिंगच्या वहीत मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि खाली दोनदा रेघ मारली होती: सिलिकॉन लागलं की मणी मेला. पुन्हा जिवंत होत नाही. बॅग तिथंच टाकून मी काकांच्या कपाटातून तो डबा काढला आणि वाचला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

बारा सेन्सर बहिरे झाले होते आणि मधले सगळे दिवस गॅसचं यार्ड तसंच चालू होतं. त्या दिवसांत काही गळलं नाही, एवढं एक पुण्य कुणाचं तरी कामी आलं.

मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांना आधी समजलंच नाही. "म्हणजे पुसून काढलं तर?" "नाही, काका." "पेट्रोलनं?" "नाही हो! मेले ते. सगळे मेले." मी त्यांच्यावर खेकसलो, जणू त्यांनीच ते बाजारातून आणलं होतं. ते मटकन स्टुलावर बसले. त्यांना यादी आठवली असणार. मला प्रोबेशन आठवलं.

मॅनेजर धावत आले. जाडजूड, तापट पंजाबी गृहस्थ, पण सरळ. गॅस बंद केला, रंगाच्या भट्ट्या बंद झाल्या, सगळा कारखाना खोळंबला. कारण काय ते मी सांगितलं. त्यांनी डबा हातात घेऊन काकांना विचारलं, "ये आया कहाँ से?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे फार वेळ नाही, तीन आकडे मोजावेत इतकंच. मी खाली वाकलो आणि बॅगेतल्या नळ्या आवरायला लागलो. आवरायला तिथे काही नव्हतं.

"लाया था साहब, पूजा के लिए," काका म्हणाले.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. हो, उतरला. आज लाज वाटते, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखंच वाटलं. मग मी ऑफिसला फोन केला. आमच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आपल्याकडून काही झालं नाहीये ना?" मी म्हटलं, "नाही, सर." एकदा नाही म्हटलं की पुढचं सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातले शिलकीतले चार सेन्सर घेऊन गेलो. ते बसवले, कॅलिब्रेट केले, यार्डाचा तिसरा हिस्सा कसाबसा चालू झाला. उरलेले आठ परदेशातून यायचे होते. काका नेहमीसारखे खिडकीत उभे राहून आकडे सांगत होते, फक्त आवाज खाली होता. मग मॅनेजरचा निरोप आला, की हे कशानं झालं त्याचा लेखी रिपोर्ट द्या, हेड ऑफिसला पाठवायचाय, त्यावर पुढचं ठरेल.

काकांनी स्वतःच्या टेबलावरचे रजिस्टर, डबा, पाण्याची बाटली, सगळं उचललं, फडक्यानं टेबल पुसलं आणि मला बसवलं. "निवांत लिहा, साहेब. घाई नको." चहा आणून ठेवला आणि मला मोकळेपणा मिळावा म्हणून स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती.

यूपीएससीच्या निबंधाच्या पेपरात मी सार्वजनिक जीवनातल्या सचोटीवर पानंच्या पानं भरली होती. अक्षरही सुंदर काढायचो. तेच अक्षर काढून मी इंग्रजीत लिहिलं, की साइटवरच्या कर्मचाऱ्यानं, पुरवठादाराला न विचारता, सिलिकॉन असलेलं पॉलिश परस्पर वापरल्यामुळे बारा सेन्सर निकामी झाले. 'परस्पर' या अर्थाचा शब्द आधी नव्हता. तो मी नंतर वर बाण करून घातला.

आमच्या प्रत्येक कागदावर खाली कारखान्याच्या माणसाची सही लागते. काका आत आले. कागद बघून त्यांनी विचारलं, "सगळं लिहिलंत ना, साहेब?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी पेन झटकलं आणि नेहमीसारखी देवनागरीत, ठसठशीत, सही केली.

मी बसमध्ये बसलो तेव्हा मनाशी ठरवलं होतं, की नवे सेन्सर एकदा बसू देत, सगळे शांत होऊ देत, मग मॅनेजरला तोंडी सांगून टाकू. इतकं काही होणार नाही. फार तर काकांना चार शब्द ऐकावे लागतील. पक्का बेत होता माझा. दिवाळी आली. खोलीवर आम्ही तिघांनी शंकरपाळे केले, ते तेलात विरघळले, हसलो. घरी पत्र लिहिलं. साहेबांनी रिपोर्ट चोख लिहिल्याबद्दल सगळ्यांसमोर शाबासकी दिली, तीही मी घेतली.

आठ सेन्सर आले तेव्हा थंडी पडली होती, सकाळी दहापर्यंत धुकं हलायचं नाही. यार्डात गेलो तर खिडकीत वेगळाच माणूस. मी विचारलं, काका सुट्टीवर आहेत का? तो म्हणाला, "वो तो गए. दिवाली से पहले." यादीतून नाव कापलं, आणि हेड ऑफिसनं कळवल्यावर ठेकेदारानंही ठेवलं नाही. ग्वाल्हेरला गेले, एवढंच त्याला माहीत. ग्वाल्हेर म्हणजे दिल्लीहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. लष्कर भागात तीन पिढ्यांचं मराठी घर शोधणं काय कठीण होतं? मी गेलो नाही. त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही.

त्या दिवशी मात्र मी आठ सेन्सर बसवून झाल्यावर तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. नवा माणूस आकडे चुकीचे सांगत होता, मी त्याच्यावर भडकलो होतो, आणि तो राग माझा माझ्यावरच होता हे न कळण्याइतका काही मी बावळट नव्हतो. बसायला सांगायच्या आधीच मी बोलून टाकलं. पॉलिश मी आणलं होतं, पूजेची कल्पना माझी होती, डब्यावरचं वाचायचं काम माझं होतं. ते नोकरीवरून काढायला सांगतील, ओरडतील, ऑफिसला फोन लावतील, सगळ्याची तयारी केली होती.

मॅनेजरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मुझे पता है," ते म्हणाले. "उसी शाम को पता था."

मी विचारलं, कसं? ते म्हणाले, की या माळावर असला डबा मिळतो कुठे? म्हणून त्यांनी संध्याकाळी काकांना एकट्याला बोलावून पुन्हा विचारलं, आणि काकांनी खरं ते सांगितलं. मॅनेजर म्हणाले होते, मग त्या इंजिनिअरला बोलावतो आणि समोरासमोर विचारतो. काका हात जोडून नको म्हणाले. पोरगं आहे, नवीन नोकरी आहे, चारचौघांत विचारलंत तर घाबरेल. उद्या रिपोर्ट लिहिणार आहे, त्यात आपण होऊन लिहील.

"मैंने कहा, और नहीं लिखा तो? हेड ऑफिस को तो काग़ज़ चाहिए, मेरे कहने से कुछ नहीं होगा. हँसने लगा. बोला, लिखेगा साहब, आप देखना." मॅनेजरनी कपाटातून फाइल काढली, माझा रिपोर्ट उघडला, आणि काकांच्या सहीवर बोट ठेवलं. "फिर ये आया. मैंने दो बार पढ़ा. सोचा, कहीं दूसरा पन्ना होगा."

मी फाइल मिटून त्यांच्याकडे सरकवली.

"उसे मैंने बताया नहीं कि इसमें क्या लिखा है," ते म्हणाले. "वो यही समझ के गया कि तुमने लिखा था, हेड ऑफिस ने नहीं माना. जाते-जाते तुम्हारे लिए पूछ रहा था, लड़के की नौकरी तो बच गई ना."